अवकाशात काही जळत नाही: गोव्यातल्या विज्ञान-चित्र स्पर्धांच्या परीक्षकांना खुलं पत्र

मान्यवर परीक्षक, आयोजक, आणि शाळा-हायर सेकंडरीतले कला आणि विज्ञानाचे शिक्षक,

सप्रेम नमस्कार.

मी फोंड्याचा. दिवसा बिल्डर लोकांसाठी थ्रीडी रेंडर, म्हणजे अजून न बांधलेल्या घरांची कॉम्प्युटरवरची चित्रं बनवतो, फ्लॅट, बंगले, व्हिला, जे काही येईल ते, आणि रात्री घरी बसून लघुग्रह बनवतो. म्हणजे अंतराळयानांनी पाठवलेली मापं घेऊन कॉम्प्युटरवर त्यांची चित्रं, जमेल तितकी खरी. त्यामुळे २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला कुठे पोस्टर किंवा डिजिटल आर्टची स्पर्धा असली की मी आवर्जून बघायला जातो, डिचोली, साखळी, म्हापसा, मडगाव, जिथे कळेल तिथे. आणि बरीच वर्षं बघून झाल्यावर आता तुमच्याशी स्पष्ट बोलावंसं वाटतंय, कारण पोरांच्या हातात कला भरपूर आहे, सॉफ्टवेअर त्यांना आमच्यापेक्षा लवकर जमतं, पण आपण बक्षीस कशाला देतो त्यावर पुढच्या वर्षी काय काढलं जाणार ते ठरतं, आणि सध्या आपण चुकीच्या गोष्टीला बक्षीस देतोय असं माझं प्रामाणिक मत आहे.

माझं मागणं एकच आहे, ते आधीच सांगून टाकतो. अवकाशाच्या प्रत्येक चित्राखाली चार ओळींची टीप मागा. त्यात मुलाने लिहायचं की या चित्रातलं मोजलेलं काय आहे, म्हणजे आकार, रंग, उजेड कुठून घेतला, आणि माझ्या मनाचं काय आहे. आणि त्या टिपेला गुण द्या, चांगले भरघोस, शंभरातले दोन-पाच नव्हेत. बाकी पत्रात जे आहे ते हे का मागतोय त्याबद्दल.

गेल्या काही वर्षांत एका प्रदर्शनात बघितलेली गोष्ट सांगतो, कुठलं ते सांगत नाही कारण त्या लोकांना दुखवायचं नाहीये. सत्तरीतल्या एका मुलीने बेन्नू नावाचा लघुग्रह काढला होता. काळा, जवळजवळ काळ्यावर काळा, एका बाजूने उन्हाची कड, आणि पृष्ठभागावर लहान-मोठ्या दगडांचा नुसता खच. मागे आकाश पूर्ण काळं, एक तारा नाही. मी थांबून थांबून बघितलं कारण पोरीने सगळं बरोबर केलं होतं. शेजारी दुसरं चित्र होतं, लालभडक जळता दगड, मागे धुराची शेपटी, जांभळं-निळं आकाश, खाली निळी पृथ्वी. बक्षीस दुसऱ्याला. आणि मुलीला सांगण्यात आलं की चित्र उजळ नाही, प्रिंट नीट आली नाही वाटतं. प्रिंट एकदम नीट आली होती हो. बेन्नू तसाच आहे. त्याच्यावर शंभर भाग उजेड पडला तर जेमतेम चार-साडेचार भाग परत येतो. आपला चंद्र, जो आपल्याला एवढा पांढरा दिसतो, तोसुद्धा फक्त बारा भागांच्या आसपास परत पाठवतो, आणि बेन्नू त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. तिकडे वेस्ता नावाचा मोठा लघुग्रह आहे, सव्वापाचशे किलोमीटरचा, तो चाळीस भाग परत पाठवतो. म्हणजे सगळे लघुग्रह एकाच राखाडी रंगाचे नाहीत आणि कुठला किती काळा हे मोजलेलं आहे, त्या मुलीने ते शोधून काढलं होतं. तिला कोणी विचारलंच नाही.

आता यावर कोणी म्हणेल की मग काय, सगळी चित्रं काळीच टांगायची का? अजिबात नाही. यानांचे फोटोसुद्धा आपल्यापर्यंत येतात तेव्हा बहुतेक वेळा उजळ केलेले असतात, नाहीतर डोळ्याला तपशील दिसणारच नाही. उजळ करणं म्हणजे खोटं नाही. कॅमेऱ्याची झडप जास्त वेळ उघडी ठेवली असं समजायचं आणि खाली तसं लिहायचं, "प्रत्यक्षापेक्षा उजळ दाखवलं आहे". एवढी एक ओळ असली की चित्र खरंही राहतं आणि भिंतीवर दिसतंही. टीप मागा म्हणतोय ते यासाठीच.

आगीचं बघू. अवकाशात हवा नाही, त्यामुळे जळायला काही नाही, ज्वाला नाही, धूर नाही, आवाज नाही. दगड पृथ्वीच्या वातावरणात घुसला की त्याच्या पुढची हवा दाबली जाऊन भयंकर तापते आणि तो उजेड आपल्याला दिसतो, आणि ते सगळं काही सेकंदांत संपतं. साधा हिशोब करा, सेकंदाला वीस किलोमीटर वेग धरला तर वरचं शंभर किलोमीटरचं वातावरण सरळ खाली यायला पाच सेकंद. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी डायनोसॉर ज्याच्यामुळे संपले तो साधारण दहा किलोमीटरचा होता, म्हणजे त्याचा तळ जमिनीला लागला तेव्हा त्याचा माथा जवळपास आपली विमानं उडतात तेवढ्या उंचीवर होता. विचार करा हे चित्र कोणी नीट काढलं तर केवढं जबरदस्त होईल, डायनोसॉर वर बघत उभे आहेत आणि लांबून निवांत आगीचा गोळा येतोय यापेक्षा कितीतरी जास्त भीतीदायक, आणि खरं. माझं म्हणणं हेच आहे की खरेपणामुळे चित्र कंटाळवाणं होत नाही, उलट जे कोणाच्या डोक्यात आलं नसतं ते दिसायला लागतं.

उजेडाबद्दल जरा जास्त बोलतो कारण तो माझ्या रोजच्या धंद्याचा विषय आहे. बिल्डरच्या रेंडरमध्ये नेहमी संध्याकाळ असते, सोनेरी ऊन, लांबचे डोंगर निळसर, सावल्या मऊ, कारण तसं विकतं. पोरं यूट्यूबवर शिकतात तेही तेच, आणि मग तीच लाईट लघुग्रहाला लावतात, एका बाजूने नारिंगी दुसऱ्या बाजूने निळी, आणि पाठीमागून अजून एक. तिथे लाईट एकच, सूर्य. दुसरी बाजू काळी म्हणजे काळी, शेजारी एखादा ग्रह किंवा चंद्र असेल तर त्याचा थोडा परावर्तित उजेड, बाकी काही नाही. हवा नसल्यामुळे लांबचं धूसर होत नाही, दहा मीटरवरचा दगड आणि दहा किलोमीटरवरचा कडा सारखेच कडक दिसतात, म्हणून आकार किती मोठा आहे ते कळतच नाही आणि ते कळवणं हेच तर चित्रकाराचं खरं कसब. मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यात, समजा सूर्यापासून पृथ्वीच्या २.७ पट अंतरावर, ऊन आपल्या सातव्या हिश्श्याएवढं, आणि सूर्याची चकती आपल्याला दिसते त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून किंचित मोठी. सूर्य लहान दिसतो म्हणजे सावलीची कड अजून तीक्ष्ण. आणि तारे, उन्हात न्हालेला पृष्ठभाग नीट दिसेल असं एक्स्पोजर धरलं की तारे फोटोत येत नाहीत. त्या मुलीच्या चित्रात तारे नव्हते ते यामुळे.

आणखी एक बारकावा सांगतो जो बऱ्याच मोठ्या आर्टिस्टकडूनही निसटतो. पौर्णिमेचा चंद्र बघा, तो चेंडूसारखा गोल वाटत नाही, ताटलीसारखा सपाट वाटतो, कडेपर्यंत जवळपास सारखाच उजळ. पण कॉम्प्युटरमध्ये साधा गोळा करून समोरून लाईट मारला तर तो कडेला काळवंडतो. कारण सॉफ्टवेअर पृष्ठभाग गुळगुळीत चुन्याच्या भिंतीसारखा धरतं आणि चंद्रावर, लघुग्रहांवर धूळ-दगडांचा खडबडीत थर आहे, समोरून बघितलं की प्रत्येक कणाची सावली त्याच्याच मागे लपते. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये डिफ्यूज शेडरचा, म्हणजे पृष्ठभाग उजेड कसा परत फेकतो ते ठरवणाऱ्या भागाचा, रफनेस (खडबडीतपणा) वाढवला की बराच फरक पडतो, पूर्ण नाही पण पुष्कळ. परीक्षक म्हणून तुम्हाला शेडर कळायची गरज नाही, तुम्ही फक्त पौर्णिमेला गच्चीवर जाऊन बघून या आणि मग मुलांना विचारा, तुझा गोळा कडेला काळा का?

आता चिऱ्याबद्दल, म्हणजे आपल्या जांभ्या दगडाबद्दल. हा खास आपल्या गोव्याचा प्रश्न आहे म्हणून यावर जास्त वेळ घालवतोय, माफ करा. आपल्याकडच्या पोरांना दगडाचं टेक्श्चर हवं असलं की ती मोबाईल घेऊन घराच्या कुंपणाचा फोटो काढतात, आणि कुंपण चिऱ्याचं. लाल, भोकाभोकांचा, दिसायला एकदम परग्रहावरचा. तो फोटो लघुग्रहाच्या मॉडेलवर गुंडाळला की पटकन काहीतरी भारी दिसतं आणि मग प्रत्येक तालुक्यातल्या स्पर्धेत दोन-तीन लघुग्रह चिऱ्याचे असतातच. आता चिरा म्हणजे काय, तर आपल्या पावसाने हजारो-लाखो वर्षं खडक धुऊन काढला, त्यातलं विरघळणारं वाहून गेलं, लोखंड आणि अॅल्युमिनियम मागे राहिलं, लोखंड गंजून लाल झालं आणि पाण्याने भोकं पाडली. त्यातली प्रत्येक भोक पावसाने लिहिलेली आहे. उष्ण दमट हवामान आणि धो धो पाऊस नसेल तर चिरा नाही. आणि लघुग्रहावर पाऊस पडत नाही, कधी पडलाही नाही. तिथले खड्डे दुसऱ्या दगडांच्या धडकेने झालेले, आणि त्या खड्ड्यांना शिस्त आहे, मोठे थोडे, त्याहून लहान बरेच, आणि अगदी बारीक अगणित. वाटीसारखा आकार, कडेला किंचित उंचवटा, आणि जुना खड्डा हळूहळू भरत जाऊन बोथट होतो. चिऱ्याच्या भोकांना कड नसते, ती आतून एकमेकांना जोडलेली असतात, आणि सगळी साधारण सारख्याच मापाची. एकदा हा फरक डोळ्यात बसला की चिऱ्याचा लघुग्रह लांबून ओळखू येतो.

पण मला वाटतं या पोरांना ओरडायची अजिबात गरज नाही, त्यांनी स्वतःच्या दारातला दगड उचलून बघितला ही केवढी चांगली गोष्ट. शिक्षकांनी त्याच चिऱ्यावरून तास घ्यावा, की हा दगड असा का दिसतो, पाणी काढून टाकलं तर काय राहील, मग धडकाच धडका दिल्या तर काय होईल. भूगोल, रसायन आणि चित्रकला एकाच तासात. आणि मग त्याच पोराला सांगा की आता नासाने बेन्नू, इरोस, इतोकावा या लघुग्रहांचं खरं मापाचं थ्रीडी मॉडेल फुकट दिलंय ते उतरवून घे आणि त्यावर काम कर. इस्रोच्या प्रदान पोर्टलवर चंद्रयानाचा डेटा आहे, चंद्रयान-२ चा कॅमेरा चंद्रावरची जवळपास तीस सेंटिमीटरची गोष्ट वेगळी ओळखतो, एवढं बारीक टेक्श्चर कुंपणातून मिळणार नाही. ब्लेंडर फुकट आहे. शाळेच्या साध्या लॅपटॉपवर सावकाश का होईना चालतं. पैशाचा प्रश्न इथे नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, कारण मला माहीत आहे की काही शिक्षक म्हणतील, मापं मापं करून तुम्ही मुलांची कल्पनाशक्ती मारणार. बेन्नूचीच गोष्ट ऐका. यान पोचायच्या कितीतरी आधी, १९९९ आणि २००५ मध्ये, पृथ्वीवरून त्याच्यावर रडार मारून त्याचा आकार काढला होता, भोवऱ्यासारखा, कमरेला फुगीर. २०१८ मध्ये नासाचं ओसायरिस-रेक्स यान तिथे गेलं आणि आकार जवळजवळ तंतोतंत निघाला. पण पृष्ठभाग? दुरून मोजलेल्या तापमानावरून शास्त्रज्ञांना वाटत होतं की किनाऱ्यावरच्या वाळूसारखे सपाट भाग भरपूर मिळतील, यान आरामात उतरेल. प्रत्यक्षात सगळीकडे मोठमोठे दगड, उतरायला जागा मिळेना. दगड इतके सच्छिद्र होते की ते वाळूसारखे लवकर तापत-निवत होते, म्हणून दुरून फसगत झाली. शेवटी २० ऑक्टोबर २०२० ला यानाचा हात खाली टेकला तर तो अर्धा मीटर आत गेला, पृष्ठभागाने काही विरोधच केला नाही, आणि यान वर उडालं तेव्हा आठ मीटर रुंदीचा खड्डा मागे राहिला. २४ सप्टेंबर २०२३ ला १२१.६ ग्रॅम माल पृथ्वीवर पोचला.

म्हणजे बघा, जगातले सगळ्यात हुशार लोक, आणि आकार बरोबर आला, पृष्ठभाग चुकला. २०१८ च्या आधी बेन्नूवर वाळूची मैदानं दाखवणारं चित्र तेव्हाच्या माहितीप्रमाणे बरोबरच होतं. म्हणून मी चित्र "बरोबर की चूक" असा शिक्का मारा असं म्हणत नाही, माहिती कुठे संपते आणि कल्पना कुठे सुरू होते हे मुलाला ठाऊक आहे का ते बघा म्हणतो. कल्पनेला जागा तर भरपूर आहे हो! सायकी नावाचा लघुग्रह घ्या, दोनशे किलोमीटरहून मोठा, नासाचं यान १३ ऑक्टोबर २०२३ ला निघालं आणि २०२९ मध्ये पोचणार. तो जवळून आजपर्यंत कोणी बघितलेला नाही. त्याची चकाकणारी धातूची चित्रं सगळीकडे फिरतात, पण त्याची घनता मोजली तर ती लोखंडाच्या जवळपास अर्धी येते, म्हणजे आत दगडही भरपूर असणार, नाहीतर पोकळ्या तरी. मग धातू आणि दगड एकत्र असताना खड्डा कसा दिसेल? धातूचा शिंतोडा उडून थंड झाला तर त्याची कड कशी गोठेल? हे कोणालाच माहीत नाही, आपल्या पेडण्याच्या पोराने विचार करून काढलेलं उत्तर आणि मोठ्या स्टुडिओने काढलेलं उत्तर, दोन्हीची किंमत यान पोचेपर्यंत सारखी. आणि निसर्ग आपल्यापुढे असतोच, १ नोव्हेंबर २०२३ ला लुसी यान दिंकिनेश नावाच्या छोट्याशा लघुग्रहाजवळून गेलं तर त्याला चंद्र निघाला, आणि तो चंद्र म्हणजे एकमेकांना चिकटलेले दोन गोळे. हे आधी कोणी काढलं असतं तर तुम्ही-आम्ही हसलो असतो.

या कामाचा इतिहासही हेच सांगतो. चेस्ली बोनस्टेल नावाचा अमेरिकन चित्रकार, अवकाशचित्रांच्या दुनियेतलं सगळ्यात मोठं नाव, तोही आधी आर्किटेक्ट लोकांसाठी इमारतींची चित्रं काढायचा, त्यामुळे मला तो जरा जवळचा वाटतो. त्याने चंद्रावरचे डोंगर उंच टोकदार काढले, सुळक्यासारखे, आणि दोन पिढ्यांनी चंद्र तसाच मनात धरला. त्याच्याही आधी फ्रान्समध्ये ल्युसिएँ रुदो होता, तो चित्रकारही आणि खगोल निरीक्षकही, त्याने दुर्बिणीतून चंद्राची कड नीट बघितली, तिथे डोंगरांचा आकार बाजूने दिसतो, आणि त्याने डोंगर गोलसर, बोथट काढले. १९६९ नंतर अपोलोचे फोटो आले तेव्हा रुदो बरोबर निघाला. बोनस्टेलची चित्रं सुंदर होती, आहेत, मी आजही तासन्‌तास बघतो. पण रुदोने फक्त एक गोष्ट जास्त केली, बघितलं. आणि तेच बघणं आपल्या पोरांना आज पणजीत करता येतं, खगोलप्रेमींची संस्था आहे, मिरामारला विज्ञान केंद्र आहे. स्पर्धेच्या महिनाभर आधी मुलांना तिथे न्या आणि चंद्राची कड दाखवा.

लघुग्रहांच्या गर्दीबद्दल दोनच ओळी. पट्ट्यात लाखो लघुग्रह आहेत हे खरं पण जागा इतकी अफाट की दोघांमधलं अंतर साधारणपणे लाखो किलोमीटर, एकावरून दुसरा दिसला तर ठिपका. १९७० च्या दशकात पायोनियर १० पासून कितीतरी यानं मधून गेली, एकही आदळलं नाही. दगडांची खिचडी काढायची असेल तर शनीच्या कड्यांच्या आत जाऊन काढा, तिथे ती शोभेल. आणि ॲनिमेशनमध्ये गरगरणारे लघुग्रह, तेही बघा, दोनशे मीटरहून मोठे लघुग्रह सव्वादोन तासांपेक्षा कमी वेळात एक फेरी क्वचितच घेतात, कारण ते बहुतेक सैल दगडांचे ढीग आहेत, जास्त वेगाने फिरले तर सुटून जातील. बेन्नूला एका फेरीला ४.३ तास लागतात. वेळ पुढे पळवून दाखवला असेल तर पुन्हा तेच, टिपेत लिहा.

तुम्ही म्हणाल एका चित्रासाठी एवढं कशाला. कारण चित्र स्पर्धेत राहत नाही, फोनवर जातं. २३ ऑगस्ट २०२३ ला चंद्रयान-३ उतरलं, आपल्याला सगळ्यांना किती आनंद झाला होता, आणि काही तासांत चंद्राच्या मातीत राजमुद्रा आणि इस्रोचा लोगो उमटल्याचा फोटो गावोगावच्या ग्रुपवर आला. तो कोणा कलाकाराने कॉम्प्युटरवर बनवलेला होता. रोव्हरच्या चाकावर ती चिन्हं होती हे खरं, पण तो फोटो चंद्रावरचा नव्हता, आणि लाखो लोकांनी तो खरा म्हणून पुढे पाठवला. कलाकाराने प्रेमाने बनवला असेल, मला त्यात वाईट हेतू दिसत नाही, पण चित्रावरच ठळकपणे लिहिलेलं असतं तर ही गडबड झाली नसती. त्यानंतर २०२५ च्या फेब्रुवारीत २०२४ वायआर४ नावाचा लघुग्रह २०३२ मध्ये धडकण्याची शक्यता ३.१ टक्क्यांपर्यंत चढली आणि मग काही दिवसांत जवळपास शून्यावर आली. तो सगळा मिळून साठ मीटरचा, पण बातम्यांबरोबर जी चित्रं होती त्यात तो अर्ध्या पृथ्वीएवढा, आणि अर्थात जळता. माझ्या आईने मला फोन करून विचारलं, खरंच का रे. तिने बातमी वाचली नव्हती, चित्र बघितलं होतं. साठ मीटर म्हणजे शहरासाठी गंभीर धोका, ते लपवायचं कारण नाही, चेल्याबिन्स्कला २०१३ मध्ये फक्त वीस मीटरचा फुटला तर हजाराच्या वर माणसं जखमी झाली, बहुतेक काचा फुटून. पण धोका केवढा ते खरं सांगणारं चित्र लागतं, आणि ते काढणारे हात आपण शाळेतच तयार करू शकतो.

एआयने बनवलेल्या चित्रांबद्दलही नियम ठरवा, कारण आता अर्ध्या एन्ट्री तशा यायला लागतील. ती यंत्रं जगभरच्या जळत्या दगडांच्या चित्रांवर शिकलीत, त्यामुळे तेच परत देतात, आणि सावल्या दोन दिशांना पडलेल्या असतात. मी बंदी घाला म्हणत नाही. मूळ फाईल मागा आणि मुलाला समोर बोलावून पाच मिनिटं विचारा, सूर्य कुठे आहे, हा खड्डा केवढा आहे, हा रंग कुठून आला. ज्याने काम केलंय तो बोलतच राहील, थांबवावं लागेल.

आणि हे काही आपल्याला नवीन नाही. चवथीला गणपतीच्या वर रानातली फळं-पानं बांधून टांगतो त्या माटोळीच्या स्पर्धेत आपण काय बघतो? नुसती सजावट नाही, रानातली किती वेगवेगळी फळं, पानं, मुळं बांधली, कुठली दुर्मिळ, कुठली औषधी, हे माहीत असणाऱ्यालाच मान मिळतो. प्लास्टिकची फळं बांधून कितीही रंगीत माटोळी केली तरी कोणी तिला पहिला नंबर देणार नाही. सौंदर्य आणि माहिती एकत्र तोलायची सवय आपल्या परीक्षकांना आहेच, ती फक्त अवकाशाच्या चित्रांकडे वळवा.

आता नेमकं काय करता येईल ते सांगतो. परीक्षकांमध्ये एक कलेचा आणि एक विज्ञानाचा माणूस असू द्या, आणि दोघांनी एकत्र उभं राहून गुण द्यावेत, वेगवेगळे कागद भरून बेरीज करू नये, कारण खरी मजा त्या दोघांच्या वादात आहे. टीप मराठीत, कोकणीत, इंग्रजीत, पोराला येईल त्या भाषेत चालेल असं जाहीर करा. अल्तिनोच्या कला महाविद्यालयातले विद्यार्थी आणि शाळेतली पोरं यांची एकत्र कार्यशाळा घ्या. आणि स्पर्धा फक्त फेब्रुवारीतच कशाला, ३० जून हा जागतिक लघुग्रह दिन आहे, १९०८ मध्ये त्याच दिवशी सैबेरियात तुंगुस्काचं जंगल आडवं झालं होतं. आपल्याकडे तेव्हा पाऊस, चार महिने आकाश दिसत नाही, दुर्बीण पेटीत. त्या दिवसांत मुलांनी घरात बसून यानांचा डेटा उघडावा, यापेक्षा चांगला वेळ नाही.

घाई का करतोय तेही सांगतो. १३ एप्रिल २०२९, शुक्रवार. अपोफिस नावाचा साधारण साडेतीनशे मीटरचा लघुग्रह पृथ्वीपासून ३२ हजार किलोमीटरवरून जाणार, आपल्या टीव्हीचे उपग्रह ज्या उंचीवर आहेत त्याच्याही आतून. धडकणार नाही, ते पक्कं मोजून झालंय. जिथून दिसेल तिथे नुसत्या डोळ्यांनी एक सरकणारा ठिपका दिसेल, कारण एवढ्या जवळूनही तो चंद्राच्या रुंदीच्या आठशेव्या हिश्श्याहून मोठा दिसणार नाही. पण त्या आठवड्यात आपल्या पेपरांना, चॅनेलना, शाळांच्या फलकांना चित्रं लागणार, आणि कोणी दुसरं दिलं नाही तर तेच जळतं जांभळं चित्र छापलं जाणार. आज हायर सेकंडरीत असलेली पोरं तोपर्यंत कॉलेजला असतील. म्हणून पुढच्या स्पर्धेचं माहितीपत्रक छापायला जायच्या आधी त्यात ती टिपेची अट घाला. नियमांचा मसुदा करायला कोणाला मदत हवी असेल, किंवा एखाद्या शाळेत ब्लेंडरवर खऱ्या मापाचा लघुग्रह कसा करायचा ते दाखवायला कोणी बोलावलं, तर मी रविवारी कुठेही यायला तयार आहे, काणकोणपासून पेडण्यापर्यंत, मानधन नको, लॅपटॉप माझा मी आणतो.

आपला,
फोंड्याचा एक थ्रीडी आर्टिस्ट